आठ घंटांचा नंदी

नंदीबैल करायचा हे तनुजाच्या डोक्यात आलं. आणि तनुजाच्या डोक्यात एकदा काही शिरलं की ते बाहेर काढणं ब्रह्मदेवाच्या बापालाही जमत नाही, असं तिची आई दुर्गाबाई अख्ख्या चाळीला सांगायची. चाळ दुर्गाबाईंचीच. चाकणजवळच्या निघोज्यातली त्यांची बरीचशी जमीन कंपन्यांच्या पोटात गेली, उरल्या तुकड्यावर त्यांनी भाड्याच्या खोल्या काढल्या आणि गुरं विकल्यावर रिकामा पडलेला पत्र्याचा गोठा मुलीला देऊन टाकला. तनुजा पुण्याला चित्रकला शिकून आलेली. गोठ्यात ती गणपती मंडळांचे देखावे करायची. कागदाच्या लगद्याचे हत्ती, राक्षस, एकदा तर जीभ हलवणारी पूतना.

चाळीच्या कडेच्या खोलीत गणराज राहायचा, बायको सायलीबरोबर. दोघं परभणीकडचे. गणराज चाकणच्या एका कंपनीत होता. गाड्यांच्या आत जे इलेक्ट्रॉनिक बोर्ड बसतात, त्यांत प्रोग्रॅम भरायचं त्याचं काम. दिवसभर तेच करून माणसाला वीट यावा, पण हा घरी आल्यावरही तारा घेऊन बसायचा. कुणाचा बंद रेडिओ बोलता कर, कुणाच्या दारावरच्या बेलमधून कोंबडा आरवून दाखव. सायली गायची. आळंदीला लहान मुलींना भजनं शिकवायला ती रोज बसने जायची आणि येताना बसमध्ये गुणगुणायची, त्यामुळे कंडक्टरला ती ठाऊक होती.

या तिघांचं सूत जुळायला वेळ लागला नाही. रिकामटेकड्यांना एकमेकांचा वास लागतो, हे दुर्गाबाईंचं मत. तसं बघितलं तर तिघांपैकी कुणालाच श्वास घ्यायला फुरसत नव्हती. पण हौस काही फुरसत विचारून येत नाही.

एका रविवारी चाळीत नंदीबैलवाला आला. बैलाच्या झुलीवर मोबाईलने पैसे पाठवायचा तो चौकोनी कोड शिवलेला. पाऊस पडेल का, पोरीचं लग्न जमेल का, कंपनीत पर्मनंट होईन का, काहीही विचारा, बैलाची मान आपली होकारार्थी हलतेय. तनुजा हसून हसून बेजार झाली. मग एकदम गप्प झाली. ती गप्प झाली की धोका असतो.

"आपुन एक नंदी करायचा," ती म्हणाली. "पण नुसता माना हालवणारा न्हाई. गाणारा."

झालं. गोठ्यात बांबूचा सांगाडा उभा राहिला, त्यावर लगद्याचं अंग चढलं. कुदळवाडीच्या भंगारातून गणराजने गाडीच्या वायपरची मोटार आणली आणि ती मानेत बसवली. स्कूटरचे इंडिकेटर डोळ्यांत गेले. शेपटी सीटबेल्टची. शेपटी ओढली की पोटातून गुबुगुबु वाजायचं, वशिंडावर हात ठेवला की तंबोऱ्यासारखा एकच सूर धरून राहायचा, आणि शिंगावरून बोट फिरवलं की सूर थरथरायचा. गळ्यात आठ पितळी घंटा, सा पासून वरच्या सा पर्यंत. घंटेला नुसतं बोट लावायचं, सूर पोटातल्या बोर्डातून यायचा. प्रत्येक घंटेच्या आत एक बारका दिवा होता. त्या घंटेत आवाज भरलेला असला की तो पेटलेला राहायचा.

पहिल्यांदा मान हलवली तेव्हा मुंडकं सुटून थेट दुर्गाबाईंच्या वाळत घातलेल्या पापडांवर जाऊन पडलं. त्या दिवशी चाळीला जे ऐकायला मिळालं त्याला कुठल्याही नंदीच्या आवाजाची सर नाही.

आवाजाचंच जमत नव्हतं. गणराजने बोर्डातून जे सूर काढले ते ऐकून सायली पोट धरून हसली. "अहो, हा नंदी नाही. हा रिव्हर्समध्ये लागलेला टेम्पो आहे!"

गणराजला राग आला नाही. तिच्या हसण्यावर त्याचा राग कधी टिकलाच नव्हता. तो पुन्हा तारा जोडायला बसला.

पुढे ते हसणं मध्येच अडकायला लागलं. आधी घास उतरेना, मग पाणीही टोचायला लागलं. पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सरळ सांगितलं. गाठ अन्ननळीच्या तोंडाशी आहे, स्वरयंत्राला लागून. ती काढायची तर स्वरयंत्रही काढावं लागेल. जीव वाचेल. श्वास गळ्याला केलेल्या भोकातून घ्यावा लागेल. पुढेमागे एखादं उपकरण बसवून घोगरं बोलता येईल कदाचित, ते नंतर बघू.

"आणि गाणं?" सायलीने विचारलं.

डॉक्टर भला माणूस होता. त्याने खोटं सांगितलं नाही.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीपाशी बसली होती, गणराज तिच्या शेजारी. मोशी गेली, टोलनाका गेला. मग तिने त्याचा हात ओढला आणि म्हणाली, "त्या नंदीत माझा आवाज भरता येईल का हो?"

येईल, तो म्हणाला. त्याला येत नसतं तरी त्याने येईल म्हटलं असतं.

त्या दिवसापासून नंदी खेळ राहिला नाही. तनुजाने त्याच्या गळ्यातल्या घंटा खाली आणल्या, सायलीला बसून वाजवता याव्यात म्हणून. गणराजने नंदीच्या कानात माईक बसवला. ऑपरेशनची तारीख जवळ आली होती. सायलीचा आवाज थकत चालला होता, पण होता. आता आहे, आणि त्या तारखेनंतर जगात कुठेच असणार नाही. एवढा एक विचार घेऊन तिघं गोठ्यात वावरत होते.

गणराजचं म्हणणं, आवाज आधी लॅपटॉपवर घेऊ, तिथून नंदीत भरू. एक कॉपी राहील. तनुजाही तेच म्हणाली. सायलीने साफ नाही म्हटलं.

"महादेवाच्या देवळात नंदीच्या कानात काय सांगितलं ते कुणी दुसऱ्याला सांगतं का? मग? मी ह्याच्या कानात गाणार. त्याच्याचजवळ राहू द्या."

"अगं पण सायले, मशीन हाय ते," तनुजा म्हणाली. "उद्या काय झालं तर?"

"मला नको फिरायला माझा आवाज मोबाईलवर. एकदा बघितलंय ना?"

ते खरं होतं. तिचं एक भजन कुणीतरी चोरून रेकॉर्ड केलं होतं आणि पुढे ते प्लॉटच्या जाहिरातीमागे वाजत होतं. एनए प्लॉट, सातबारा क्लिअर, आणि मागे सायली विठ्ठलाला आळवतेय. ते ऐकून ती दोन दिवस जेवली नव्हती. आता मरणाच्या दारात बसलेल्या माणसाशी वाद कोण घालणार? आणि खरं सांगायचं तर गणराजला तिचं म्हणणं आवडलंही होतं. बायकोचा आवाज एकाच ठिकाणी, आपण केलेल्या वस्तूत. त्याचा त्याला जरा अभिमानच वाटला. अभिमानाची फळं लगेच कळत नाहीत, हीच त्याची खोड.

आवाज भरताना सायलीने दोघांना बाहेर काढलं. कुठलं बटण कधी दाबायचं ते तिने गणराजकडून आधीच शिकून घेतलं होतं. गणराज आणि तनुजा बाहेर पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर बसले. पत्र्याच्या पलीकडून काही ऐकू येत नव्हतं, रस्त्यावर कंटेनरची रांग चालली होती. बऱ्याच वेळाने दार उघडलं. सायलीचा चेहरा घामाने भिजला होता, पण डोळे हसत होते.

"झालं. आता कुणी हात लावून बघायचं नाही. मी दवाखान्यातून आले की मीच वाजवणार. शपथ घ्या."

दोघांनी शपथ घेतली. गणराजने डोकावून पाहिलं. आठही घंटांत दिवे लागले होते.

ऑपरेशन नीट पार पडलं. दवाखान्यात सोबतीला परभणीहून सायलीची धाकटी बहीण पूनम आली. बायकांच्या वॉर्डात पुरुषाला थांबू देत नसत, म्हणून गणराज शिफ्ट संपली की भेटीच्या वेळेत जायचा. सायलीच्या नाकात नळी, गळ्याला पट्टी, आणि त्या पट्टीतून येणारा श्वासाचा आवाज. बोलायचं असलं की ती मोबाईलवर टाइप करून दाखवायची. शुद्धीवर आल्यावर पहिल्याच दिवशी तिने लिहिलं, 'नंदी बरा आहे ना?'

"तुझी वाट बघतोय," गणराज म्हणाला.

आणि इथेच त्याला अवदसा आठवली. नंदीची मान हिसका मारून वळायची, ते त्याला खटकत होतं. बायको एवढं सोसून घरी येणार, तिने घंटेला बोट लावावं आणि नंदीने मान अशी अलगद डोलवावी, खऱ्या जाणकारासारखी, असं त्याच्या मनात आलं. त्यासाठी फक्त मानेचा प्रोग्रॅम बदलायचा होता. आवाजांना हातही लावायचा नव्हता. सुटीच्या दिवशी सकाळी त्याने नंदीच्या पोटातून बोर्ड काढला आणि बाकावर ठेवला.

गणराजच्या कंपनीत एक शिस्त आहे. बोर्ड साच्यात ठेवायचा, झाकण दाबायचं, डाव्या अंगठ्याने एक बटण दाबून आतलं जुनं पुसायचं, उजव्या अंगठ्याने दुसरं दाबून नवं भरायचं. नवीन बोर्डात आधीच्या तपासणीचा काहीबाही कचरा असतो. तो न पुसता भरलं तर बोर्ड बाद, आणि ज्याने भरला त्याला सगळ्यांसमोर उभं करतात. पुसायचं, भरायचं, हिरवा दिवा, पुढचा. गणराज तिथे लागला तेव्हा त्याला हे शिकायला आठवडा लागला होता, आणि त्यानंतर कित्येक वर्षं त्याच्या हातून एक बोर्ड बाद झाला नव्हता. नोटीस बोर्डावर त्याचा फोटो लागला होता. घरी काम सोयीचं व्हावं म्हणून त्याने भंगारातून तसाच साचा बनवला होता, तशीच दोन बटणं, त्याच जागी.

त्याने बोर्ड ठेवला, झाकण दाबलं. डोक्यात नंदीची मान होती. अंगठ्यांना डोक्याशी काही देणंघेणं नव्हतं. आधी डावा, मग उजवा.

हिरवा दिवा लागला. गणराजला क्षणभर बरंही वाटलं, रोज वाटतं तसं.

बोर्ड परत पोटात बसवून त्याने वायर जोडली. नंदीची मान डोलली, अगदी हवी तशी, अलगद. आठ घंटा मात्र काळ्याठिक्कर होत्या.

तनुजा चहा घेऊन आली तेव्हा तो जमिनीवर बसला होता, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. तिने एकदा त्याच्याकडे आणि एकदा घंटांकडे बघितलं. चहा तिने बाकावर ठेवला.

"वायर सुटली आसंल," ती म्हणाली.

"नाही."

"आरं बघ तरी."

"ताई, पुसलं मी. माझ्या हातानं पुसलं."

मग जे करायचं ते सगळं त्यांनी केलं. कंपनीतल्या जाणत्या माणसांना फोन लावले. जो तो म्हणाला, अशी पुसलेली चिप म्हणजे धुतलेली पाटी, तिच्यावरचं परत येत नाही. मग सगळ्यांचे मोबाईल उलटेपालटे केले. लग्नाच्या व्हिडिओत नुसता बँड. गणपतीतल्या कार्यक्रमात सायली दिसते आहे, तोंड हलतंय, आणि शेजारचा जनरेटर गातोय. व्हॉइस मेसेज तिला कधी आवडले नाहीत, बोलायचं तर सरळ फोन करायची. प्लॉटची जाहिरात तिनेच भांडून काढायला लावली होती. जी बाई आपला आवाज इतका जपून होती, तिचा आवाज नेमका कुठेच सापडेना. गणराजने आपल्या अंगठ्याकडे बघितलं आणि त्याला तो तोडून टाकावासा वाटला. असं माणसाला वाटतं, पण दुसऱ्या दिवशी त्याच अंगठ्याने कामावर हजेरी लावावी लागते.

तो सांगायचं ठरवूनच दवाखान्यात गेला. सायली उशीला टेकून बसली होती. तिने लगेच मोबाईल हातात घेतला. 'मला कंटाळा आलाय. पण मनात सारखी नंदी वाजवते. सरावच करते म्हणा ना.' आणि तिने चादरीवर बोटं नाचवून दाखवली, एकेक घंटा.

गणराज बसला, उठला, पाण्याची बाटली भरून आणली, पुन्हा बसला. सांगून झालं नाही. भेटीची वेळ संपल्याचं सांगत नर्स आली तेव्हा त्याला तिचे पाय धरावेसे वाटले.

"न्हाई सांगायचं," तनुजा म्हणाली. "आत्ता तर न्हाईच. ती ह्या एकाच गोष्टीवर जगतीया. ती काढून घेतली तर काय राह्यलं तिच्यापाशी?"

"मग काय करू? आली की बोट लावणार ना ती घंटेला."

तनुजा गप्प झाली. मग म्हणाली, "पूनमचा आवाज ऐकलास कधी? फोनवर मी तिला सायली समजून बोलत बसलेली."

पूनमला हे सांगितलं तेव्हा ती आधी रडली, मग चिडली. "ताईच्या जागी मी गाऊ? तिचा आवाज आत्ता गेलाय, आणि मी त्या जागी जाऊन बसू?" शेवटी तीच म्हणाली, "चला दाजी. पण हे पाप तुमचं आणि माझं, अर्धं अर्धं."

पूनम लहानपणापासून बहिणीच्या मागे बसून गायलेली, त्यामुळे सूर लावायची ढब तीच. नंदीच्या कानाशी तोंड नेऊन तिने एकेक सूर भरला. सा, रे, ग, असं करत वरच्या सा पर्यंत. वरचा सा तर तिने असा लावला की तनुजाच्या अंगावर काटा आला. आठही दिवे लागले.

"सायलीच हाय," तनुजा म्हणाली. गणराजने मान हलवली, पण त्याला ते पटलं नव्हतं. पटायला हवं होतं, म्हणून हलवली.

सायली घरी आली तेव्हा निम्मी झाली होती. गळ्याभोवती सुती रुमाल, नळी अजून नाकात. खोलीत जाण्याआधी तिने गोठ्याकडे बोट दाखवलं. तनुजाने तिला धरून स्टुलावर बसवलं. पूनम दाराशी उभी राहिली, आत आली नाही. गणराज नंदीच्या मागे, वायर नीट करायचं निमित्त करून.

सायलीने सा ला बोट लावलं. सूर आला, नंदीची मान अलगद डोलली. तिचा चेहरा असा फुलला की गणराजला हुंदका आवरेना. रे, ग, म. तिचे ओठ सुरांबरोबर हलत होते. प, ध, नी. मग तिने शेवटच्या घंटेजवळ बोट नेलं आणि थांबली. मान वळवून तिने गणराजकडे बघितलं, डोळ्यांत काहीतरी मिश्कील. आणि बोट लावलं.

वरचा सा गोठाभर घुमला.

ती तशीच बघत राहिली. बोट तिने उचललं नाही, म्हणून सूर वाजतच राहिला. मग तिने बोट काढलं, नंदीच्या मानेवरून हात फिरवला आणि हसली. तनुजा टाळ्या वाजवत रडत होती. दुर्गाबाई म्हणाल्या, "आगं लेकराला आत तरी घ्या, दमली ती."

त्यानंतर ती रोज वाजवायची. सकाळचं आवरलं की गोठ्यात. चाळीतल्या बायका जमायच्या, ती नंदीवर भजनाची चाल धरायची, बायका गायच्या, नंदी डोलायचा. आळंदीच्या मुली एकदा येऊन गेल्या आणि शेपूट ओढून ओढून गुबुगुबु करून गेल्या. पूनम परभणीला परतली. नळी निघाली, सायली पातळ भात गिळायला लागली. सगळे म्हणायचे, बघा, नंदीनं तारलं पोरीला.

गणराज मात्र झिजत चालला. ती वाजवायला बसली की तो काहीतरी काम काढून बाहेर जायचा. कंपनीत एकदा त्याचे दोन्ही अंगठे बटणांवर तसेच राहिले, दाबले जाईनात. लाईन थांबली, सुपरवायझर ओरडला. घरी बायको आनंदात आहे आणि तो आनंद आपण बनवलेला आहे, नकली. चोराला निदान पकडलं जाण्याची भीती असते. याला तर वाटायला लागलं होतं, एकदाचं कुणीतरी पकडावं.

रविवार होता. तो वायपरच्या मोटारीला तेल घालत होता, सायली स्टुलावर बसून निवांत एकेक घंटा वाजवत होती. ध पाशी ती थांबली. पुन्हा वाजवला. मग मोबाईल घेऊन टाइप केलं आणि त्याच्यासमोर धरलं.

'पूनमला एकदा बोलावून घ्या. तिचा ध जरा चढा लागलाय. तेवढा परत भरू.'

गणराजच्या हातातून तेलाची बुधली पडली. ती घरंगळत नंदीच्या पायाशी गेली, ती उचलायचंही त्याला सुचलं नाही.

"कधी कळलं?" त्याने विचारलं.

'पहिल्याच दिवशी.'

मग त्याने सगळं सांगितलं. साचा, बटणं, अंगठे. सांगताना तो तिच्याकडे बघत नव्हता. ती ऐकत होती. गळ्यातल्या भोकातून तिचा श्वास भराभर चालला होता, तेवढाच आवाज.

"मग बोलली का नाहीस? राग नाही आला?"

सायलीने टाइप केलं, 'आला होता. पण भांडायला आवाज लागतो.' ते वाचून त्याच्या तोंडून हसू निघालं आणि त्या हसण्याचंच रडू झालं. तिने त्याच्या केसांतून हात फिरवला. दुसऱ्या हाताने लिहिलं, 'तुमची तोंडं बघितली तिघांची. वाटलं, ह्यांनी एवढं केलंय, तर वाजवावं. पूनम चांगली गाते. मला आवडतं ऐकायला.'

"पण कळलं कसं? तनुजाताईला कळलं नाही. मला कळलं नसतं."

'वरचा सा.'

"काय झालं त्याला? चांगला लागलाय."

'म्हणूनच. मला तेव्हा वरचा सा लागतच नव्हता. दुखायचं. सात सूर भरले. आठव्या घंटेत दुसरंच ठेवलं होतं. तुमच्यासाठी.'

गणराजने तोंड पुसलं. विचारू नये असं त्याला वाटत होतं, आणि विचारल्याशिवाय राहवणारही नव्हतं.

"काय ठेवलं होतंस?"

सायलीने टाइप केलं, पुसलं. पुन्हा टाइप केलं, पुन्हा पुसलं. मग मान हलवली, जाऊ दे म्हणाल्यासारखी. त्याने तिचं मनगट धरलं. तेव्हा तिने लिहिलं आणि मोबाईल त्याच्या हातात दिला.

'जेवलात का?'

आणि खाली, 'दुपारी गेटवर येऊन फोन करायचात तेव्हा विचारायचे तेच. म्हटलं, आता फोन केलात तर काय ऐकाल? म्हणून भरून ठेवलं होतं.'

कंपनीत मोबाईल आत नेऊ देत नाहीत. जेवणाच्या सुटीत गणराज गेटवरच्या लॉकरपाशी जायचा, फोन काढायचा आणि तिला लावायचा. ती हॅलो म्हणायचीच नाही. एकदम हेच. तो हो म्हणायचा, कधी खरं, कधी खोटं, आणि घाईघाईने फोन ठेवायचा. लग्न झाल्यापासून एक दिवस खंड नव्हता.

त्याने ते दोन शब्द वाचले. मग डोळे मिटून ते तिच्या आवाजात ऐकायचा प्रयत्न केला. तो 'का' ती ओढायची, एवढं पक्कं होतं. पण ओढून वर न्यायची की खाली सोडायची? त्याने मनात एकदा वर नेऊन पाहिला, एकदा खाली सोडून. दोन्ही वेळेला पूनमचाच आवाज आला.

सायली समोर बसून त्याच्या उत्तराची वाट बघत होती.